पाव किलो सोडा

“पाण्याला हात लावायचा नाही, दादा,” विसू म्हणाला. “रोज सकाळी एक बादली काढायची आणि निळ्या पिंपातली एक बादली घालायची. तीही मगानं, हळूहळू. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही.”

बाहेर गाडी उभी होती. मागच्या सीटवर कुमुद, विसूची बायको, उशीला टेकून बसली होती. दोन दिवसांनी पुण्यात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि माझा धाकटा भाऊ दारात उभा राहून मला बादली आणि मग शिकवत होता. कराडच्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून मला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

“अरे, बाराशे लिटरच्या टाकीत एक बादली म्हणजे दर्यामें खसखस,” मी म्हणालो.

“असू दे की खसखस.”

“पीएच किती आहे?”

विसूनं गाडीकडे बघितलं. “कमी आहे. तू बघूच नकोस. महिनाभर हिच्या तपासण्यांच्या धावपळीत माझं लक्ष गेलं नाही, पाणी उतरलंय. मी हळूहळू वर आणतोय. असा पीएच खाली गेला ना दादा, की पाण्यात जे साठून राहिलेलं असतं ते—”

“विसू, तू मला रसायन शिकवू नकोस.”

तो गप्प झाला. विसू माझ्यासमोर असाच गप्प व्हायचा, लहानपणापासून. बारावीला तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा रसायनात, आणि दोन्ही वेळा माझ्याच वर्गात बसून. वडील म्हणायचे, थोरल्यावर सरस्वती प्रसन्न आहे आणि धाकटा आमचा मत्स्यावतार. आलेल्या-गेलेल्याला हे ऐकवायचे आणि मी शेजारी बसून हसायचो. पुढे विसूनं बसस्टँडामागे माशांचं दुकान टाकलं. काचेच्या टाक्या, पंप, गप्पी, गोल्डफिश. त्या दुकानात मी वीस वर्षांत चारदा गेलो असेन.

“दादांनाच सांगा म्हणून मीच म्हटलं,” कुमुद गाडीतून म्हणाली. तिला बोलतानाही धाप लागत होती. “हे त्या दुकानाशेजारच्या माणसाला सांगणार होते. मी म्हटलं, घरात एवढा शिकलेला माणूस असताना परका कशाला?”

 विसूनं किल्ली माझ्या हातात दिली. “एक बादली,” तो म्हणाला, आणि ते गेले.

आता त्या टाकीविषयी सांगतो. विसूच्या पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत तिनं व्यापली होती. आत वाळू, आणि वाळूवर दोन मासे. कोकणात ज्याला पाकट म्हणतात तसे, थाळीसारखे चपटे, मागे काटेरी शेपूट. फक्त हे गोड्या पाण्यातले, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले. दुकानदार त्यांना रे म्हणतात. नर तळहाताएवढा लहान होता तेव्हापासून विसूनं वाढवला होता. शेपूट दंडुक्यासारखी उगारून फिरतो म्हणून कुमुदनं त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. मादीच्या तपकिरी पाठीवर केशरी ठिपके, म्हणून ती चांदणी. कुमुद पाण्यात हात घालायची आणि चांदणी तिच्या बोटांतून झिंगे खायची. शेपटीच्या त्या काट्यात विष असतं. मी तर काचेलाही हात लावत नसे, पण कुमुदला तिनं कधी काही केलं नाही.

हे मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. आणि पाच वर्षांनी चांदणीला पहिल्यांदा दिवस गेले होते. पाठीवर दोन्ही बाजूंना फुगवटे दिसत होते. कुमुदच्या झडपेमुळे डॉक्टरांनी तिला बाळंतपणाला कायमची मनाई केली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या घरात हा विषय कुणी काढत नसे. तेव्हा त्या फुगवट्यांकडे ती कशी बघत असेल, ते मी सांगायला नको. विसूनं कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. त्याच्या हिशेबानं अजून तीन आठवडे होते, आणि पिल्लं होतील तेव्हा कुमुद घरी आलेली असेल. त्या दोघांना त्या वर्षात दुसरं काही नको होतं.

मी पाच दिवस इमानानं बादली काढली आणि बादली घातली. रोज दुपारी कुमुदच्या उशाकडून विसूचा फोन यायचा. ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी तिला साध्या खोलीत आणलं.

पाचव्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतः बोलली. “दादा, खातेय ना ती?”

“खातेय.”

“मी यायच्या आधी होणार नाहीत ना पिल्लं?”

“नाही गं. तू नीट बरी होऊन ये.”

फोन ठेवला आणि मी टाकीसमोर खुर्ची ओढून बसलो. चांदणी वाळूत पडून होती. मला ती मलूल वाटली. आता विचार करतो तर वाटतं, ती रोज तशीच पडून असायची. वाळूत पडून राहणं हा त्या माशाचा स्वभावच. पण मला काहीतरी दिसायला हवं होतं, आणि माणसाला दिसायला हवं असलं की दिसतं. मनात म्हटलं, ह्या बादलीच्या खेळानं काय होणार? विसू बायकोच्या जिवासाठी तिकडे बसलाय, आणि इथे तिचा जीव ज्यात अडकलाय तो मासा आंबट पाण्यात कुढतोय. आयुष्यात एकदा भावाला माझी विद्या उपयोगी पडेल, तर मी मग घेऊन उभा राहू?

खरं सांगतो, ते प्रेमच होतं. त्यात थोडी मिजास होती, पण प्रेम होतं.

सातवा दिवस शनिवारचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी पीएच मीटर आणला होता. सकाळी दहा वाजता तो नीट जुळवून घेतला आणि कांडी टाकीत बुडवली. पीएच म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध. खाली एकेक अंक उतरला की आम्लता दहापट. टाकीतलं पाणी पाच पॉइंट दोन होतं. सातच्या मानानं साठपट आम्ल.

मला विसूचा रागच आला. म्हटलं, बघू नकोस म्हणाला तो ह्यासाठी. लाज वाटली असेल. अरे, मग सांगायचं ना सरळ. कोयनेचं पाणी मुळात मऊ, त्यात क्षार नाहीत; माशांच्या घाणीनं आम्ल तयार होत जातं आणि ते मारायला पाण्यात काही नसतं, म्हणून आकडा घसरतो. बारावीच्या पोरालाही समजेल, आणि उपायही समजेल. खायचा सोडा.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाव किलो आणला. एकदम टाकला नाही, मी काही अडाणी नव्हतो. तीन भाग केले. एक भाग तांब्याभर पाण्यात विरघळवायचा, टाकीत सोडायचा, चाळीस मिनिटं थांबायचं, मीटर बघायचा. दोन तास चाललं. वहीत तक्ता आखला, वेळ आणि आकडा. सहा पॉइंट तीन, सात पॉइंट एक, सात पॉइंट आठ. तिथे तो थांबला आणि स्थिर राहिला. अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं, सात पॉइंट आठ. इतका सुरेख प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत कुठल्या पोरानं करून दाखवला नव्हता.

आणि चांदणी उठली. वाळू झटकून ती वर आली, काचेला पोट लावून वर-खाली करू लागली, कडा फडफडवत पाण्याच्या वर तोंड काढू लागली. हवालदारही तिच्या मागे. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हिंडताना पाहिलं नव्हतं.

एक वाजता फोन आला. कुमुदच होती.

“काय करतेय चांदणी?”

“नाचतेय,” मी म्हणालो. “अगं, खरंच. काचेवर चढतेय बघ. तू आलीस की बघशील.”

ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली, असं विसू मागून म्हणाला. मग त्यानं फोन घेतला. “काचेवर चढतेय म्हणजे? वर येतेय? श्वास घ्यायला?”

“अरे, खेळतेय. तू कशाला काळजी करतोस? तू तिकडचं बघ.”

“बादलीच घातलीस ना?”

“हो,” मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो, ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. वाटलं, आल्यावर सांगू, तो चकित होईल. मग मी घरी जाऊन जेवलो आणि जरा पडलो.

चार वाजता परत आलो तेव्हा हवालदार उलटा पडला होता, पांढरं पोट वर, आणि पोटावर लाल चट्टे. चांदणी वाळूवर होती. तिच्या थाळीच्या कडा चहूबाजूंनी वर वळल्या होत्या, तव्यावर करपलेल्या पापडासारख्या. डोळ्यांमागची श्वासाची छिद्रं भराभर उघडमीट करत होती.

मी पहिली गोष्ट काय केली असेल? मीटर बुडवला. सात पॉइंट आठ. मी पुन्हा बुडवला. आकडा बरोबर होता, मासे मरत होते, आणि मी आकड्याकडे बघत होतो.

मग ती व्याली. व्याली कसलं, तिच्या अंगातून पिल्लं बाहेर पडली. एक, मग लागोपाठ आणखी दोन, मग बऱ्याच वेळानं चौथं. पुरीएवढी होती, फिकट, पोटाशी अजून पिवळा बलक चिकटलेला. ठिपके मात्र आलेले होते. एकानं कडा हलवल्या, वाळूपर्यंत गेलं आणि तिथे बसलं. मला जाळी सापडेना. जाळी सापडली तेव्हा ते पिल्लू हलत नव्हतं. निळ्या पिंपातल्या बादल्यांवर बादल्या मी टाकीत उपडल्या, गुडघ्यापर्यंत भिजलो, काट्याचीही भीती राहिली नाही. साडेपाचला चांदणीची छिद्रं थांबली.

विसूला फोन करायला मला एक तास लागला.

“गेली,” मी म्हणालो. “दोन्ही गेले. पिल्लंही.”

 तो दबक्या आवाजात म्हणाला, “कुमुद समोर आहे. मी सकाळी येतो.” आणि मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “बरं, बरं. ठीक आहे सगळं.”

तो दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आला. कुमुदजवळ तिच्या बहिणीला बसवून पहिल्या एसटीनं आला होता. चपला न काढता आत गेला, टाकीवर वाकला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग टेबलावरचा माझा मीटर पाहिला, आणि वही. तक्ता वाचला. वहीचं पान त्यानं हातानं सरळ केलं.

“किती?” त्यानं विचारलं.

“पाव किलो. पण तीन भागांत, विसू. अगदी हळूहळू.”

“दोन तासांत.”

“हो.”

तो खाली फरशीवर बसला. मीही बसलो. आम्ही दोघं भाऊ असे जमिनीवर शेजारी बसलो त्याला तीस वर्षं झाली असतील.

“पीएच खाली गेला की फिल्टरमधले जंतू झोपतात,” तो सावकाश म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. “मग माशांची घाण पाण्यातच साठत जाते. अमोनियाच. पण आंबट पाण्यात तो अमोनियम होऊन राहतो, माशाला काही करत नाही. पाणी वर नेलं की त्याचा पुन्हा अमोनिया होतो, आणि तो विष. म्हणून मी रोज बादलीबादलीनं ते आधी बाहेर काढत होतो. घाण निघून जाईल तसा पीएच आपोआप वर आला असता. दोन महिन्यांनी.”

  अमोनियम आणि अमोनिया, मधे दोन बाण, एक इकडे जाणारा आणि एक तिकडे. पीएच एकानं वाढला की अमोनिया दहापट. पाच पॉइंट दोनवरून सात पॉइंट आठ म्हणजे चारशेपट. हे मी सव्वीस वर्षं दर ऑगस्टात फळ्यावर लिहीत होतो. सोडा विरघळवताना मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“दोनदा नापास झालो मी,” विसू म्हणाला. “तुझ्या विषयातलं काही डोक्यात शिरलं नाही. हे एवढं एकच लक्षात राहिलं. तू फळ्यावर दोन बाण काढलेस आणि म्हणालास, हे दार दोन्हीकडून उघडतं. तेवढ्यावर माझं दुकान चाललं, दादा.”

ह्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

“मी कुमुदला सांगतो,” मी म्हणालो. “ती घरी आली की मीच सांगतो. माझी चूक आहे.”

“तू नाही सांगायचं.”

“विसू—”

“तिनंच तुझं नाव सुचवलं. मी नको म्हणत होतो, ती हटून बसली. आता तिला हे कळलं तर ती मला नाही, तुला नाही, स्वतःला खात बसेल. छातीचे टाके ओले आहेत तिचे.” तो उठला. “मी सांगेन, फिल्टर धुवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. माझ्यावर चिडेल, चार दिवस बोलणार नाही. मग बोलेल.”

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “तुला योग्य वाटतं तसं कर.”

मागच्या पेरूखाली आम्ही खड्डा काढला. पिल्लं त्यानं स्वतः एकेक करून ठेवली. चौथं ठेवून झाल्यावर तो मला म्हणाला, “तू जा घरी. दमला असशील.”

दहाव्या दिवशी कुमुद आली. मी भेटायला गेलो, तर ती टाकीकडे पाठ करून बसली होती. टाकी रिकामी होती. मला बघून तिनं डोळ्यांना पदर लावला. “तुम्ही एवढे राबलात, दादा. बादल्या वाहिल्यात. आणि ह्यांना जायच्या आधी एक फिल्टर धुवायला झालं नाही.” विसू दारात उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिच्याकडून चहा घेतला आणि प्यायलो.

विसूचा हिशेब एवढाच चुकला. ती चार दिवसांनी बोलली नाही. म्हणजे बोलली, संसार झाला, जेवणखाण, सणवार सगळं झालं. पण त्यानं काही विसरलं, दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, की ती म्हणायची, “तुमचं असंच. चांदणीच्या वेळी नाही का?” चारचौघांत म्हणायची, माझ्यासमोर म्हणायची. विसू हसायचा. एकदाही त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी दर वेळी ताटात बघायचो. रे माशांच्या वाटेला तो पुन्हा गेला नाही. मोठ्या टाकीची काच काढून त्यानं तिथे कपाट करून घेतलं. माझ्याकडे यायचा, पण रसायनातलं किंवा पाण्यातलं एक वाक्य आमच्यात पुन्हा झालं नाही.

ह्याला सोळा वर्षं झाली. कुमुदची ती झडप अजून चालतेय. विसूच गेला, गेल्या मार्गशीर्षात, दुकानात बसल्या बसल्या.

परवा कुमुदनं मला जेवायला बोलावलं होतं. पानं घ्यायच्या आधी ती समोर येऊन बसली.

“एक विचारू, दादा? खरं सांगाल?”

“विचार की.”

“मी त्यांना आयुष्यभर त्या चांदणीवरून बोलले. शेवटच्या दिवशीसुद्धा सकाळी बोलले, ते दुकानाची किल्ली विसरले म्हणून. आता झोप लागत नाही. वाटतं, त्यांची खरंच चूक असेल का? तो माणूस तसा हलगर्जी नव्हता हो. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला ठाऊक असेल.”

खरं सांगितलं असतं, तर आपण सोळा वर्षं निरपराध नवऱ्याला बोल लावले हे तिला कळलं असतं, आणि ती ते सोसू शकली नसती. मी रोज स्वतःला हेच सांगतो. पण त्या क्षणी माझ्या मनात हे काहीच नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती, आणि ती मला दादा म्हणत होती, ते मला घालवायचं नव्हतं.

“त्याचीच चूक होती,” मी म्हणालो. “फिल्टर धुवायला हवा होता त्यानं.”

तिनं मान हलवली, डोळे पुसले, आणि आत जाऊन माझं पान वाढलं. मी जेवलो. तिनं आग्रह केला तेव्हा आणखी भात घेतला.